सहस्रचंद्रदर्शनाचा कोलाज

सहस्रचंद्रदर्शनाच्या सोहळ्यात सभागृहाच्या दाराशी, अत्तरगुलाब आणि पेढ्यांच्या टेबलाशेजारी, एक मोठा फोटो-कोलाज स्टँडवर उभा केलेला असतो. उत्सवमूर्ती असलेल्या आजींच्या किंवा आजोबांच्या आयुष्यातली तीस-चाळीस छायाचित्रे संगणकावर एका चौकटीत जुळवून तो केलेला असतो. येणारा प्रत्येक पाहुणा आधी तिथे थांबतो, स्वतःला शोधतो, आणि सापडला की मग आत जातो. सोहळा आटोपल्यावर कोलाज घरच्या भिंतीवर लागतो, त्याच्या लहान प्रती आठवण म्हणून नातेवाइकांकडे जातात. साठीच्या शांतीला आणि पंचाहत्तरीच्या अमृतमहोत्सवालाही आता असे कोलाज होतात. तरी एक्क्याऐंशीचा कोलाज सगळ्यांत अवघड, कारण स्टुडिओतल्या एकुलत्या एक कृष्णधवल फोटोपासून मोबाइलमधल्या हजारो फोटोंपर्यंतचा सगळा पट त्यात बसवावा लागतो.

सहस्रचंद्रदर्शन म्हणजे हजार पौर्णिमांचे चंद्र पाहून होणे. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. हजार पौर्णिमांचे २९,५३० दिवस होतात, म्हणजे ८० वर्षे आणि सुमारे १० महिने. म्हणून हा सोहळा ८१व्या वर्षाच्या आसपास होतो. ८१ दिव्यांनी औक्षण होते, कुठे ग्रंथतुला होते, कुठे गुळाची. या सगळ्याला ठरलेला विधी आहे आणि तो सांगायला गुरुजी आहेत. कोलाजाला विधी नाही. तो कोणी करायचा, त्यात कोण असावे आणि कोणी कोणाशेजारी असावे, हे कुठल्या पोथीत सांगितलेले नाही. घरातली खरी चर्चा होते ती यावरच.

समारंभाची आठवण म्हणून चेहरे जुळवण्याची हौस संगणकाच्या फार आधीची आहे. पॅरिसच्या आंद्रे दिस्देरी या छायाचित्रकाराने १८५४ मध्ये एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घेण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि व्हिजिटिंग कार्डाएवढे फोटो स्वस्त झाले. घरोघरी त्यांचे ढीग साचले. मग १८६०च्या दशकात इंग्लंडमधल्या खानदानी घरांतल्या बायकांनी कात्री घेतली, फोटोंतली माणसे कापून काढली आणि जलरंगात रंगवलेल्या दिवाणखान्यांत नेऊन चिकटवली. यांतल्या लेडी फिल्मर यांचा अल्बम विशेष प्रसिद्ध आहे. त्यातल्या एका पानावर त्या स्वतः टेबलाशी उभ्या आहेत, समोर युवराज आहेत आणि पतिराज बाजूला पडले आहेत. कात्री ज्याच्या हातात त्याची आसनव्यवस्था, हा नियम तेव्हापासूनचा.

आपल्याकडचे उदाहरण राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याचे. श्रीनाथजींच्या दर्शनाला आलेल्या कुटुंबासाठी तिथले चित्रकार पूजेचा देखावा रंगवत. देव, त्यामागचा पिछवाईचा पडदा, दागिने, कपडे हे सगळे कुंचल्याने, आणि यजमानांचे चेहरे मात्र फोटोतून कापून चिकटवलेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशी ‘मनोरथ’ चित्रे बरीच झाली. धार्मिक प्रसंगाची सहकुटुंब आठवण म्हणून घरी न्यायचा हा कोलाजच होता. मराठी घरांत एवढा थाट नव्हता. ओटीवर किंवा माजघरात एकाच काचेच्या मोठ्या चौकटीत काळ्या पुठ्ठ्यावर पाच-पंचवीस फोटो लावलेले असत. वर आजोबा-पणजोबा, मधे लग्नांचे जोडफोटो, खाली पाळण्यातली नातवंडे, आणि कुठल्याशा फटीत नंतर खोचलेला एखादा पासपोर्ट फोटो.

संगणकाने या कामातला डिंक आणि पुठ्ठा काढून टाकला. फोटोशॉप १९९० मध्ये आले आणि १९९४ मध्ये त्यात थरांची सोय आली. प्रत्येक फोटो वेगळ्या पारदर्शक पानावर असल्यासारखा हलवता, लहानमोठा करता, दुसऱ्याच्या मागे सारता येऊ लागला. चुकलेला तुकडा पुन्हा उचलता येतो, हे चिकटवणाऱ्या पिढ्यांना ठाऊक नसलेले सुख होते. पुढे गूगलने २००४ मध्ये घेतलेल्या पिकासा या फोटोंच्या प्रोग्रॅममध्ये एका बटणावर कोलाज होऊ लागला. हा प्रोग्रॅम सरकारी कार्यालयांतल्या संगणकांवरही सापडे आणि कित्येक निरोप समारंभांचे कोलाज तिथे झाले. पिकासा २०१६ मध्ये बंद झाले, तोवर हे काम मोबाइलवर आले होते. आता जुळवणे हा कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. अवघड भाग त्याच्या आधी असतो.

२०२५ साली एक्क्याऐंशी पूर्ण करणारी आजी १९४४ची. तिच्या बालपणाचा फोटो बहुतेक घरांत नसतोच. असलाच तर शाळेचा ग्रुप फोटो, त्यात शेवटून दुसऱ्या रांगेत नखाएवढा चेहरा. तिचा पहिला एकटीचा फोटो अनेकदा लग्न जमवण्यासाठी काढलेला. स्टुडिओतला रंगवलेला पडदा, उंच स्टुलावरची फुलदाणी, खांद्यावरून पुढे घेतलेली वेणी. तो फोटो दोन-चार घरी जाऊन आलेला असतो. त्याच्या मागे स्टुडिओचा शिक्का असतो आणि कधी कधी उंची, शिक्षण, गोत्र. लग्नाचे फोटो आठ-दहा. त्यानंतर घरात कॅमेरा आला तर तो साठ-सत्तरच्या दशकातला आग्फा क्लिकसारखा साधा पेटी कॅमेरा. १२० नंबरच्या रोलवर चौरस बारा फोटो. बारा फोटोंत एक वाढदिवस, एक सहल आणि कोणाची तरी मुंज उरकायची. नंतरच्या पस्तीस मिलिमीटरच्या रोलमध्ये छत्तीस बसले आणि रंग आला. मग डिजिटल कॅमेरा आला, आणि मोबाइल आल्यावर मोजदादच संपली.

परिणाम असा की आयुष्याच्या पहिल्या वीस वर्षांचे दोन-चार फोटो आणि शेवटच्या दहा वर्षांचे दोन-चार हजार, असा साठा हाती येतो. फोटो जितके मिळतील त्या प्रमाणात कोलाज केला तर आजी जन्मतःच पांढऱ्या केसांची आणि सोफ्यावर बसलेली होती, असे दिसेल. म्हणून हा कोलाज संख्येच्या उलट दिशेने करावा लागतो. जुना फोटो कितीही खराब असला तरी घ्यायचा आणि नवा कितीही चांगला असला तरी त्याला आत येण्यासाठी कारण हवे. नातीच्या लग्नातला एक फोटो पुरतो. तिच्याच लग्नातले अकरा फोटो सुंदर आहेत, हे कारण होत नाही.

जुने फोटो एका घरात नसतात. माहेरचे भावाकडे, सासरचे थोरल्या दिरांच्या घरी, स्वतःच्या संसारातले लग्न होऊन गेलेल्या लेकींकडे, असे ते वाटले गेलेले असतात. वाटण्या झाल्या तेव्हा भांड्यांची यादी झाली, अल्बमची कोणी केली नाही. त्यामुळे कोलाजाचे काम सुरू होते ते फोनाफोनीने आणि उत्सवमूर्तींना वगळून काढलेल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपने. या ग्रुपवर पहिल्या आठवड्यात फोटो कमी आणि ‘ही डावीकडची कोण?’ असे प्रश्न जास्त येतात. उत्तर देऊ शकणारी माणसे दोनच असतात आणि त्यांतल्या एकीपासून तर सगळे लपवायचे असते. खरे तर हे गुपित थोडे महाग पडते. आजीला दाखवले असते तर पाच मिनिटांत नावे, गाव आणि त्या दिवशीची भाजीसुद्धा कळली असती. शहाणी घरे कोलाज लपवतात, फोटो लपवत नाहीत. ‘जुने अल्बम नीट लावतोय’ म्हणून तिच्याशेजारी बसतात आणि ती सांगेल ते टिपून घेतात.

या देवाणघेवाणीत तारखा हरवतात. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोच्या फाइलीला आपोआप मिळणाऱ्या नावात एक तारीख असते, पण ती असते फोटो पाठवल्याची. मूळ कॅमेऱ्याने फाइलीत नोंदलेली वेळ वाटेत गळून पडते. अडुसष्ट सालच्या बारशाचा फोटो अशा रीतीने गेल्या मंगळवारचा होऊन बसतो. म्हणून फोटो हाती येताच फाइलीचे नाव बदलावे, त्यात साल, प्रसंग आणि ज्यांच्याकडून आला त्यांचे नाव घालावे. साल नक्की माहीत नसेल तर दशक पुरे. मूळ फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने काही लिहिलेले असेल तर पाठीचाही फोटो घ्यावा. पुढच्या बाजूपेक्षा पुष्कळदा तीच बाजू अधिक बोलते.

व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो आक्रसतो. त्याची लांब बाजू साधारण १,६०० पिक्सेलांवर येते. छपाईत एका इंचाला ३०० पिक्सेल धरले तर तो पाच इंचांपर्यंत नीट छापता येतो. कोलाजातल्या छोट्या चौकटीला एवढे पुरते, मधल्या मोठ्या फोटोला पुरत नाही. २०२३ पासून एचडी पाठवण्याची सोय आली, पण खात्रीचा मार्ग म्हणजे फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवणे. हे काका-मामांना फोनवर समजावून सांगणे, हा या कामातला स्वतंत्र अध्याय आहे. शेवटी घरातला एखादा भाचा स्कूटर काढून जातो आणि अल्बमच घेऊन येतो, ते बरे.

अल्बम आल्यावर ते उघडण्याचीही रीत आहे. काळ्या पानांच्या जुन्या अल्बममध्ये फोटो कागदी कोनांत बसवलेले असतात आणि मधे कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ कागद असतो. हे फोटो सहज निघतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या चिकट पानांच्या अल्बमने मात्र फार नुकसान केले. त्यातला गोंद पिवळा पडतो आणि फोटोला धरून ठेवतो. ओढून काढला तर कागद फाटतो. पक्का बारीक दोरा फोटोखालून करवतीसारखा सरकवत न्यावा, आणि तेवढ्यानेही सुटत नसेल तर पानासकट स्कॅन करावा. चौकटीच्या काचेला चिकटलेला फोटो तर सोडवायला जाऊच नये, काचेतूनच त्याची प्रत घ्यावी. स्कॅनर नसेल तर खिडकीशेजारच्या उजेडात, फ्लॅश न लावता, मोबाइल फोटोला अगदी समांतर धरूनही काम भागते. स्कॅनर असेल तर ६०० डीपीआय ठेवावा. तीन इंचांचा फोटो त्यातून १,८०० पिक्सेलांचा होतो आणि छापताना दुप्पट मोठा करता येतो. ग्रुप फोटोतून एकच चेहरा उचलायचा असेल तर १,२०० करून पाहावे, पण कागदात मुळात जे उमटलेलेच नाही ते कुठलाही आकडा देत नाही.

रंगीत फोटोंची गत कृष्णधवल फोटोंपेक्षा वाईट असते, हे बहुतेकांना आश्चर्याचे वाटते. कृष्णधवल फोटोतली प्रतिमा चांदीच्या सूक्ष्म कणांची असते आणि ती नीट धुतलेली असेल तर टिकते. रंगीत फोटोत तीन रंजकद्रव्यांचे थर असतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या कागदावर, अंधाऱ्या अल्बममध्ये ठेवूनसुद्धा, त्यांतला निळसर थर सर्वांत आधी विरतो आणि राहतात ते लालसर चेहरे. १९७९च्या साखरपुड्यातली सगळी मंडळी उन्हात भाजून निघाल्यासारखी दिसतात ती यामुळे. संगणकावर निळ्या-हिरव्याचा तोल वाढवून हा दोष बराच कमी करता येतो. करताना साडी पाहू नये, पांढरा सदरा किंवा भिंत पाहावी. पांढरे पांढरे दिसू लागले की बाकीचे आपोआप जागेवर येते.

कृष्णधवल फोटो रंगवण्याची टूम मात्र जपून वापरावी. कृष्णधवल फिल्मवर रंगाचा उजळपणा तेवढा नोंदला जातो. लाल शालू आणि हिरवा शालू एकाच करड्या छटेत उतरू शकतात. त्यामुळे आज एका स्पर्शात रंग भरून देणारी ॲप शालूचा रंग ओळखत नाहीत, अंदाजाने भरतात. आजीचा शालू डाळिंबी होता की मोरपिशी, हे सांगू शकणारी व्यक्ती घरात हयात आहे. तिला न विचारता मशिनला विचारणे हा उलटा कारभार झाला. फोटो ‘स्पष्ट’ करून देणाऱ्या सोयींचेही तेच. अंधुक चेहऱ्यावर त्या पापण्या, दात, त्वचेचा पोत नव्याने काढून बसवतात. चेहरा लखलखीत होतो आणि कोणाचाच राहत नाही. ओरखडे आणि बुरशीचे डाग काढणे ही दुरुस्ती आहे. पुसटलेल्या आईला अनोळखी बाईचे डोळे देणे याला दुरुस्ती म्हणता येणार नाही. पुसट फोटो लहान छापावा. लहान आकारात तो आपोआप नीट दिसतो.

निवडीची वेळ येते तेव्हा फोटोत कोण आहे याहून कोण नाही, हे आधी पाहावे लागते. कॅमेरा ज्याच्या गळ्यात असतो तो फोटोत नसतो. पुष्कळ घरांत आजोबांनी चाळीस वर्षे सगळ्यांचे फोटो काढले आणि त्यांचा स्वतःचा एकही धड फोटो नाही. असला तर एखाद्या फोटोत खाली गवतावर पडलेली त्यांची सावली. आणि जी स्वयंपाकघरात असते तीही नसते. दिवाळीच्या, गौरी-गणपतीच्या, बारशाच्या फोटोंत पंगत दिसते, वाढपी दिसतात, पण पुरणपोळ्या लाटणारी घरातली सून दिसत नाही. फोटोग्राफर स्वयंपाकघरापर्यंत आला तर ती पदर सावरत बाजूला होते. एखाद्या फोटोच्या मागच्या दारात अर्धी दिसणारी आकृती तिची असते. जाणकार माणूस असा फोटो शोधून काढतो आणि ती अर्धी आकृतीच कापून घेतो. कोलाजाला चौकट स्वतः ठरवता येते, हा त्याचा अल्बमवरचा सर्वांत मोठा फायदा. पुढच्या रांगेतले मामंजी या वेळी कापले गेले तर काही बिघडत नाही. ते इतर नऊ फोटोंत आहेतच.

गेलेल्या माणसांचा प्रश्न नाजूक. काही घरांत शुभकार्यात मृतांचे फोटो हयातांच्या ओळीत नकोत असे मानतात, काही घरांत त्यांच्याशिवाय कार्य अपुरे वाटते. आजोबा आधी गेले असतील तर त्यांना वगळून आजीचा कोलाज होऊच शकत नाही, कारण तिचे साठ वर्षांचे फोटो त्यांच्यासोबतचेच आहेत. यावर एक साधा तोडगा रूढ आहे. भिंतीवर हार घातलेल्या फोटोची प्रत घ्यायची नाही. माथेरानला घोड्यावर बसलेले, नातवाला खांद्यावर घेतलेले, ताक घुसळणाऱ्या आजीकडे पाहून हसणारे आजोबा घ्यायचे. अशा फोटोत ते हयातच असतात आणि कोणाला खटकत नाहीत. लहानपणी गेलेल्या मुलाचा फोटो घालायचा की नाही, हे मात्र कोणीही परस्पर ठरवू नये. ते आजीलाच विचारावे, आणि ती नको म्हणाली तर कारण विचारू नये.

दुरावलेल्यांचे आणखी वेगळे. मोडलेल्या लग्नातली सून किंवा जावई, कोर्टात गेलेला दीर, बोलणे टाकलेली नणंद ही माणसे जुन्या ग्रुप फोटोंत घट्ट बसलेली असतात. पूर्वी अशांवर काळी शाई फासलेली किंवा कात्री चाललेली दिसे. ती जागा तरी कळत असे. आता मोबाइलवर बोट फिरवले की माणूस नाहीसा होतो आणि मागचा पडदा त्याच्या जागी भरून येतो, जणू तिथे कोणी कधी उभे नव्हतेच. सोय आहे म्हणून ती वापरावी असे नाही. तो फोटोच न घेणे जास्त सभ्य, आणि बहुधा तोवर दुसरा फोटो सापडतोच.

मग येतो आकाराचा आणि जागेचा प्रश्न. पंगतीत कोणाचे पान कुठे मांडले यावरून जसे रुसवे होतात, तसेच इथे होतात. कोलाजाला उतरंड असते, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. चौकाचौकांतल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सनी ती शिकवून ठेवली आहे. मधे पूर्णाकृती दादा किंवा भाऊ, वरच्या कडेला पक्षातल्या वडीलधाऱ्यांचे चेहरे, खाली शुभेच्छुकांच्या रांगा, आणि चेहऱ्याच्या व्यासावरून कळणारे पद. फ्लेक्स हा आजचा सर्वांत जास्त पाहिला जाणारा डिजिटल कोलाज आहे आणि त्याचे व्याकरण घरच्या कोलाजात नकळत शिरते. मधे आजी मोठी, भोवती मुले, त्यांच्या मागे नातवंडे, कडेला भावकी. दिसायला ते नीटनेटके असते. पण त्यात एकच नाते दिसते, सगळ्यांचे आजीशी. तिचे मैत्रिणींशी, शाळेतल्या सहकाऱ्यांशी, भिशीतल्या बायकांशी, शेजारच्या बिऱ्हाडाशी असलेले नाते मावत नाही. भिशीच्या सहलीचा एक फोटो आत आला की सगळी मांडणी सैल होते आणि कोलाज हसायला लागतो. ‘काकूंना कोपऱ्यात का टाकलंय?’ हा प्रश्न तरीही येणारच. त्यावर कोणताही आराखडा टिकत नाही, काकूंना थोडे वर सरकवणे हाच उपाय.

आराखडे तयार मिळतात. लग्नाचे अल्बम करणाऱ्या स्टुडिओंत १२ × ३६ इंची फोटोशॉप फाइलींच्या सीडी वर्षानुवर्षे फिरत आल्या आहेत. बारा बाय अठरा इंचांच्या समोरासमोरच्या दोन पानांचे ते माप. त्यांत धबधबे, गुलाब, बदाम आणि इंग्रजी प्रेमवाक्ये आधीच भरलेली असतात. मोबाइल ॲपमध्ये गुलाब कमी, पण चौकोन सारखे असतात. सहस्रचंद्रदर्शन म्हटले की चंद्राचा गोल घेऊन त्यात फोटो बसवण्याचा मोह हमखास होतो. गोलात बसवताना आयताकृती फोटोंचे कोपरे जातात आणि कडेच्या माणसांचे खांदे जातात. हजार छोट्या फोटोंतून आजीचा एक मोठा चेहरा उभा करण्याचाही प्रकार आहे. ती युक्ती १९९०च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट सिल्व्हर्स यांनी एमआयटीत विकसित केली. लांबून चमत्कार वाटतो. जवळ गेल्यावर कळते की तिथे कोणाचा चेहरा नाकाच्या सावलीसाठी वापरला आहे, कोणाचा कपाळासाठी. स्वतःला शोधायला आलेल्या पाहुण्याची त्यात निराशा होते.

साधी जाळी घेऊन तिच्यात दोन-तीन खाने एकत्र करून मोठे केले की बहुतेक काम होते. जुने चौरस फोटो चौरसच ठेवावेत, मोबाइलच्या उभ्या फोटोंना त्यांच्यासाठी कापावे. कडेच्या फोटोतली माणसे आतल्या बाजूला पाहत असावीत. कृष्णधवल फोटो एका कोपऱ्यात कोंबण्याऐवजी रंगीत फोटोंमध्ये पसरले तर नजरेला थांबे मिळतात. डावीकडून उजवीकडे साल चढत जाण्याचा हट्टही सोडायला हरकत नाही. सालवार पाहायला अल्बम असतो. कोलाजात लग्न जमवण्याचा तो वेणीवाला फोटो आणि त्याच वयाच्या नातीचा पदवीदानाचा फोटो शेजारी ठेवता येतात. मोबाइलमधली चेहरे ओळखणारी यंत्रणाही कधी कधी या दोघींना एकच समजते. असे एखादे शेजारपण सापडले की त्या कोलाजाला दुसऱ्या सजावटीची गरज उरत नाही.

मजकूर थोडा असावा, पण तोही सहज होत नाही. देवनागरीची तयारी नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे उडी मारते, जोडाक्षरे पाय मोडून सुटी होतात आणि रफार भलत्याच डोक्यावर बसतो. ‘सहस्रचंद्रदर्शन’ या शब्दात तर वेलांटी सोडून बाकीच्या अडचणी एकत्र नांदतात. जुन्या डीटीपीवाल्यांकडे श्री-लिपीसारखे फाँट असल्याने तिथे हा शब्द नीट उमटतो. युनिकोडमध्ये करायचा तर फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत भारतीय लिप्यांसाठीची मांडणी आधी निवडावी लागते. ‘सहस्र’मध्ये एक जादा त घालून तो ‘सहस्त्र’ छापला जातो, ही चूक सॉफ्टवेअरची नाही. छपाईला देण्यापूर्वी घरातल्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेला तो दाखवावा.

छपाई १२ × १८ इंचांत असेल तर फाइल ३,६०० × ५,४०० पिक्सेलांची हवी. दाराशी उभा करायचा २४ × ३६ इंची कोलाज लोक दोन-तीन हात अंतरावरून पाहतात, त्यामुळे इंचाला दीडशे पिक्सेल धरून तीच फाइल तिथेही चालते. फ्लेक्सवर छापणे स्वस्त पडते, पण ते सोहळ्यापुरतेच. घरी टिकवायचा तो फोटो कागदावर लॅबमधूनच काढावा. चौकटीची पट्टी चारही बाजूंनी पाव इंच गिळते, म्हणून कडेला कोणाचे कान येऊ देऊ नयेत. मोबाइलच्या पडद्यावर जुने फोटो उजळ वाटतात आणि कागदावर काळवंडतात, तेव्हा मोठी प्रत काढण्यापूर्वी एक लहान प्रत काढून दिवसाच्या उजेडात पाहावी.

सोहळ्यानंतर बहुतेक घरांत दुसरा कोलाज होतो, तो त्या दिवसाचा. त्याची अडचण उलटी. तिथे फोटो एकाच दिवसाचे आणि एकाच उजेडातले असतात आणि माणसे ओळीत उभी राहून कॅमेऱ्याकडे पाहत असतात. डेव्हिड हॉकनी या चित्रकाराने १९८३च्या पहिल्या दिवशी आपली आई आणि आणखी काही जण स्क्रॅबल खेळत असताना खेळभर फोटो काढले आणि ते एकमेकांवर चिकटवून एकच मोठे चित्र केले. त्यात एकच चेहरा तीन-चारदा येतो, विचारात, हसताना, अक्षरांकडे पाहताना. घरच्या समारंभाला हीच रीत शोभते. व्यासपीठावरच्या हारतुऱ्यांचे दोन फोटो पुरेत. बाकी जागा औक्षणाच्या ताटातल्या दिव्यांना, झोपलेल्या पणतवाला, जेवणानंतर पायऱ्यांवर बसलेल्या भावंडांना आणि विडा लावणाऱ्या हातांना द्यावी. न्यूजर्सीतला मुलगा किंवा मेलबर्नमधली नात व्हिडिओ कॉलवरून हजर असेल तर पडद्यावरच्या चौकोनांचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा. तो आयताच मिळालेला कोलाज असतो. त्यात कुठे रात्री दोनला जागे राहिलेले चेहरे असतात आणि त्यांच्या मागे खिडकीबाहेरचा काळोख.

दोन्ही कोलाजांबरोबर एक साधा कागद तयार करावा. त्यात प्रत्येक फोटोचा क्रमांक, साल, गाव आणि डावीकडून नावे असावीत. तो चौकटीच्या मागे पाकिटात घालून चिकटवावा आणि त्याची फाइल मूळ स्कॅनबरोबर दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी, एक हार्ड डिस्कवर, एक ऑनलाइन. मूळ फोटो ज्यांचे त्यांना परत द्यावेत. हे सर्वांत जास्त राहून जाते आणि पुढच्या कोलाजाला अल्बम न मिळण्याचे कारणही हेच असते.

थर एकत्र करून टाकलेली जेपीजी तेवढी ठेवून चालत नाही, सुटे थर असलेली फाइलही जपावी. कारण भिंतीवर कोलाज लागल्यावर महिन्याभरात सांगलीच्या आतेभावाच्या घरी माळ्यावरच्या पेटीतून आजीचा सात-आठ वर्षांची असतानाचा, परकर-पोलक्यातला फोटो निघतो. सगळे म्हणतात, हा आधी मिळाला असता तर! तेव्हा फाइल उघडायची, नातीच्या लग्नातला चुकून आत आलेला दुसरा फोटो काढायचा, परकर-पोलके त्या जागी बसवायचे, मागच्या कागदावर नोंद दुरुस्त करायची आणि लॅबला नवी प्रत सांगायची.